अजून एक पुस्तक आणू का?

मुलाने किंवा मुलीने सीएचा फॉर्म भरला, की आठवड्याभरात आपल्या फोनवर याद्या यायला लागतात. कुणाच्या तरी भाच्याला ऑल इंडिया रँक मिळालेली असते. त्याने अकाउंट्सला कुठल्या सरांचं पुस्तक वापरलं, कॉस्टिंगला कुठली क्वेश्चन बँक, ऑडिटला कुणाचे चार्ट, सगळं त्या यादीत असतं. आपण ती जशीच्या तशी लेकरापुढे सरकवतो आणि खाली लिहितो, 'बघून ठेव, कामाला येईल.' तिकडून एक अंगठा येतो. तेवढ्याने आपला जीव भांड्यात पडतो. आज काहीतरी केलं बुवा!

आणि करणार तरी काय आपण? मुलं शाळेत होती तोवर पाढे घेतले, वह्यांना कव्हरं घातली, प्रकल्पासाठी रात्री अकराला थर्माकोल शोधत फिरलो. इथे मात्र आपला हात पोचत नाही. आपल्यातल्या निम्म्यांनी ताळेबंद कधी उघडून पाहिलेला नसतो, आणि ज्यांनी बी.कॉम. केलं त्यांचं बी.कॉम. तीस वर्षांपूर्वीचं. कन्सॉलिडेशनचा प्रश्न अडला तर फार तर चहा करून देऊ शकतो आपण. मग जे जमतं ते करतो, म्हणजे पैसे काढतो. ऑफिसमधून येताना वाट वाकडी करून अप्पा बळवंत चौकात शिरतो, दुकानदाराला विचारतो, 'इंटरला सध्या काय चालतंय हो?' आणि दोन जाडजूड पुस्तकं पिशवीत घालून घरी येतो.

घरात त्याआधीच काय काय येऊन पडलेलं असतं, ते एकदा बघाच. सीए इन्स्टिट्यूटचं स्वतःचं अभ्याससाहित्य असतं. मुलं त्याला नुसतं 'मॉड्यूल' म्हणतात. इंटरला, म्हणजे फाउंडेशन आणि फायनलच्या मधल्या पायरीला, सहा पेपर, तीन-तीनचे दोन ग्रुप, आणि मॉड्यूल बहुतेक विषयांचं एका भागात मावत नाही. त्यावर क्लासच्या सरांचं मुख्य पुस्तक. त्याच सरांची क्वेश्चन बँक. बहुपर्यायी प्रश्नांचं आणखी वेगळं, कारण इंटर आणि फायनलला तीस टक्के गुण त्यांना आहेत. शेवटच्या महिन्यासाठी चार्ट बुक. मैत्रिणीने दिलेल्या झेरॉक्स नोट्स. टेबल भरलं की खिडकीची कड भरते, मग पलंगाखालची जागा.

आपल्याला त्या ढिगाचा आधार वाटतो. मुलांना तो थकबाकीसारखा दिसतो. हे राहिलंय, तेही राहिलंय, आणि आज बाबांनी आणखी एक आणलंय. घरात चार डाळी भरलेल्या असताना रोज पाचवी आणावी आणि कुकर लावायला कुणाला सवड नसावी, अशी गत होते. बरं, मुलं तोंडावर 'नको' म्हणत नाहीत. आपण पैसे घातलेत हे त्यांना कळतं, क्लासची फी भरताना आपण कुठली एफडी मोडली हेही बहुतेक माहीत असतं. म्हणून पुस्तक ठेवून घेतात, आणि ते उघडलं नाही हे आपल्या लक्षात येऊ नये याची काळजी घेत बसतात. अभ्यासाच्या ताणावर हा एक फुकटचा ताण.

मिटलेल्या पुस्तकाची कड बघितलीत कधी? हाताळलेली पानं कडेने काळपट पडतात, न उघडलेली पांढरीशुभ्र राहतात. माझी लेक इंटरला होती तेव्हा तिच्याकडे कॉस्टिंगची तीन पुस्तकं होती: मॉड्यूल, सरांचं आणि कुणीतरी सुचवलं म्हणून आलेलं तिसरं. तिन्हींची कड सुरुवातीला बोटभर काळी, पुढे कोरी. मटेरियल कॉस्ट, एम्प्लॉयी कॉस्ट, ओव्हरहेड्स, एवढं तिन्हींतून झालेलं. प्रोसेस कॉस्टिंग, स्टँडर्ड कॉस्टिंग, मार्जिनल कॉस्टिंग तिन्हींत शुभ्र. नवं पुस्तक आलं की मुलं पहिल्या पानापासून सुरू करतात, कारण नव्या पुस्तकाचं तेच सुख असतं. ओळखीचा धडा, भराभर सुटणारी गणितं, आणि 'आज बराच अभ्यास झाला' असं वाटणं. अवघड धडा जिथे असतो तिथेच राहतो. हे आळशीपणाने होत नाही. घाबरलेलं मूल ओळखीच्या जागी परत जातं, एवढंच.

तेव्हा पुढचं पुस्तक आणण्याआधी एकच गोष्ट विचारून बघा: 'या विषयाचं तुझं पुस्तक कुठलं?' 'तुझी पुस्तकं कुठली' असं नका विचारू. ज्याच्या समासात मुलीने स्वतः लिहिलंय, ज्यातलं चुकलेलं गणित लाल पेनने खूण करून ठेवलंय, परीक्षेच्या आदल्या दिवशी जे पहाटे उशाशी असेल, ते एक. ते मॉड्यूल असो नाहीतर सरांचं. उत्तर चटकन आलं तर आपलं काम झालं. उत्तर देताना ती तीनदा अडखळली, तर बाजारात जाण्याऐवजी एका रविवारी तिच्याबरोबर बसून दोन पुस्तकं कपाटात वर टाकायला मदत करा. मुलांना पुस्तक बाजूला ठेवायला परवानगी लागते, आणि ती आपल्याच तोंडून ऐकायची असते.

सगळ्या विषयांना एकच नियम लावू नका मात्र. अकाउंट्स, कॉस्टिंग, फायनान्शियल मॅनेजमेंट हे हाताने सोडवायचे विषय. तिथे पुस्तक कुणाचंही चालेल, ज्यातली गणितं स्वतः, उत्तर झाकून सोडवली ते चांगलं. लॉ आणि ऑडिटचं तसं नाही. तिथे उत्तर कुठल्या शब्दांत लिहिलं यालाही किंमत असते. सरांच्या पुस्तकात गोष्ट सोपी करून सांगितलेली असते, समजायला ती हवीच. पण कायद्याची आणि ऑडिटिंग स्टँडर्ड्सची नेमकी भाषा हाताला बसायला मॉड्यूल वाचल्याशिवाय भागत नाही, असं मला तरी दिसलं. मॉड्यूलमध्ये धड्याच्या शेवटी 'टेस्ट युवर नॉलेज' नावाचे प्रश्न असतात. कंटाळवाणे दिसतात, मुलं ते गाळतात. इतर काही गाळलं तरी हे गाळू नये. फाउंडेशनच्या मुलांचं आणखी निराळं. त्यांचे गणित आणि अर्थशास्त्राचे पेपर पूर्ण बहुपर्यायी, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. तिथे सरावाचं वेगळं पुस्तक घेण्यात अर्थ आहे. उरलेले दोन पेपर लेखी, त्यांना ते लागत नाही.

आता जिथे आपली खरीच गरज आहे, ते सांगते. जुनी पुस्तकं.

आपल्या पिढीला पुस्तक टाकवत नाही. जावेचा मुलगा सीए झाला, त्याचं सगळं कपाट आपल्या घरी येतं आणि आपण हरखतो: 'अगं, किती पैसे वाचले!' पण इन्स्टिट्यूटने २०२३ च्या १ जुलैला नवी योजना आणली आणि मे-जून २०२४ पासून तिच्याप्रमाणे परीक्षा सुरू झाल्या. इंटर आणि फायनल, दोन्हींचे आठ-आठ पेपर होते, ते सहा-सहा झाले. इंटरमधून ईआयएस गेलं, पूर्वी अकाउंट्सचे दोन पेपर होते त्यांचा एक झाला. आर्टिकलशिपसुद्धा तीनवरून दोन वर्षांवर आली. त्या दादाच्या पुस्तकांतलं अकाउंट्स काही प्रमाणात कामाला येईल, पण त्यातलं काय ठेवायचं आणि काय नाही हे ठरवण्यात मुलाचा महिना गेला, तर वाचलेल्या पैशांना काय करायचंय?

टॅक्सचं तर विचारूच नका. दर बजेटला पुस्तक शिळं होतं, हे आपल्याला पगाराच्या निमित्ताने ठाऊक आहे. पण या वेळी आख्खा कायदाच नवा आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. कलमं ५३६, आकडे सगळे बदललेले. आपण आयुष्यभर ज्याला 'एटी सी' म्हणत आलो, ते आता कलम १२३. 'असेसमेंट इयर' आणि 'प्रीव्हियस इयर' या जोडीने पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना रडवलं, ती जोडी जाऊन एकच 'टॅक्स इयर' आलं. जीएसटीचे दरही सप्टेंबर २०२५ मध्ये नव्याने बसवले गेले. अशा वेळी निम्म्या किमतीत मिळालेलं टॅक्सचं पुस्तक फार महागात पडतं.

म्हणून पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'अमुक महिन्याच्या अटेम्प्टसाठी' असं छापलेलं असतं, ते आधी वाचायचं. दुकानदार काय म्हणतो ते नंतर. कुठल्या अटेम्प्टला कुठला कायदा, कुठल्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या, हे इन्स्टिट्यूट जाहीर करते आणि तोच कागद प्रमाण. तो कागद उतरवून, छापून टेबलासमोर चिकटवणं, हे काम आई-वडिलांनी करण्यासारखं आहे. त्यासाठी सीए असावं लागत नाही. परीक्षा पुढे ढकलायची ठरली, म्हणजे मेऐवजी सप्टेंबरला बसायचं, तर हा कागद पुन्हा बघायचा. मुलं त्या निराशेत हे विसरतात.

क्लासबद्दल थोडं. हल्ली क्लास म्हणजे बहुतेकदा लॅपटॉपवरचे व्हिडिओ. दोन्ही ग्रुपचं पॅकेज घेतलं की पाच आकडी रक्कम जाते, आणि त्या रकमेबरोबर अटी येतात. प्रत्येक लेक्चर इतक्याच वेळा बघता येईल, इतक्याच महिन्यांत बघून संपवायचं. मग जेवणाच्या ताटाशी लॅपटॉप, सरांचा आवाज दुप्पट वेगाने पळतोय, आणि मुलगी मान खाली घालून भराभर लिहितेय. आपल्याला वाटतं, बघा किती मन लावून! पण ऐकणं म्हणजे सोडवणं नाही. दिवसाचे आठ तास लेक्चर बघून एकही गणित स्वतः न सोडवलेलं मूल रात्री थकलेलं असतं आणि मनातून घाबरलेलंही. त्याला स्वतःलाच कळत नाही की इतकं करून हाती काही का लागत नाही.

पैसे भरण्याआधी डेमो लेक्चर मुलांनाच बघू द्या, आणि सोपा धडा न बघता अवघड बघायला सांगा. सगळ्या विषयांना क्लास लागतोच असंही नाही. इन्स्टिट्यूट स्वतः ऑनलाइन वर्ग फुकट घेते. दोन-तीन विषय त्यावर भागले तर फीचा बोजा हलका होतो. आणि सर पटले नाहीत, तर मुलांना ते सांगता आलं पाहिजे. 'एवढे पैसे भरलेत, आता हेच पूर्ण कर' हे वाक्य आपल्या ओठांवर तयार असतं. आवरा ते. गेलेले पैसे तर गेलेच, त्यांच्यामागे चार महिने घालवू नयेत.

टेलिग्रामवर पुस्तकांच्या चोरून टाकलेल्या पीडीएफ मिळतात, हेही आपल्याला माहीत असतं आणि आपण तिकडे काणाडोळा करतो. पुढे ज्या मुलाची सही लोक विश्वासाने बघणार, त्याने अभ्यासाला असली सुरुवात करावी हे मला खटकतं. पण तेवढं बाजूला ठेवलं तरी त्या फायली कुठल्या सालच्या, मधली पानं आहेत की नाहीत, काही भरवसा नसतो. फोनमध्ये दीडशे पीडीएफ असलेलं मूल आणि पलंगाखाली तीस पुस्तकं असलेलं मूल, दोघांची अडचण एकच.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या आई-वडिलांशी जरा वेगळं बोलायचंय. ही परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येते, मराठीत नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला कंपनी कायद्याचं एक वाक्य चार ओळी चालतं तेव्हा काय होत असेल? ते मूल घरी 'लॉ बोअर आहे' म्हणतं. त्याचा अर्थ पुष्कळदा 'मला वाक्य लागत नाही' असा असतो, आणि हे मोठ्या मुलाला कबूल करायची लाज वाटते. अशा वेळी आणखी जाड पुस्तक आणून काही होत नाही. हिंदी-इंग्रजी मिसळून शिकवणाऱ्या सरांची लेक्चर्स आधी, मॉड्यूल नंतर, आणि रोज एक उत्तर हाताने लिहून काढणं, यानेच बसतं. आपण काय करावं? ते वाचत असताना शेजारी बसून 'म्हणजे काय रे, मला मराठीत सांग' म्हणावं. आपल्याला समजावून सांगताना त्याचं त्यालाच उलगडतं. आणि आपल्याला खरोखरच काही कळत नसतं, त्यामुळे नाटक करावं लागत नाही!

परीक्षा जवळ आली की खरेदीचा आणखी एक झटका येतो: टेस्ट सिरीज. घेऊ नये असं नाही, पण आधी फुकटचं संपवू द्या. इन्स्टिट्यूट प्रत्येक परीक्षेआधी रिव्हिजन टेस्ट पेपर काढते. मुलं त्याला आरटीपी म्हणतात. मॉक टेस्ट पेपर असतात. मागच्या परीक्षांचे पेपर आणि त्यांची सुचवलेली उत्तरं असतात. हे सगळं त्यांच्या वेबसाइटवर आहे, छापून आणायला झेरॉक्सवाल्याचे पैसे. घड्याळ लावून, दार लोटून, फोन आपल्याकडे ठेवून एक पेपर पूर्ण लिहिणं मुलं टाळतात, कारण त्यात किती येत नाही हे उघड होतं. त्या तीन तासांत घरात मिक्सर लावू नका, पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी बोलवा. पेपर संपल्यावर 'किती पडतील?' विचारू नका, 'वेळ पुरला का?' एवढंच विचारा. पास व्हायला प्रत्येक पेपरात चाळीस आणि ग्रुपच्या तीनशेत दीडशे लागतात; हा हिशेब मुलं मनात सतत करत असतात, त्यात आपली बेरीज नको.

आणि कधी ग्रुप राहतो. हे लिहिताना हात जड होतो, पण बहुतेक घरांत एकदा तरी हा दिवस येतो, हुशार मुलांच्या घरीसुद्धा. दोन दिवस कुणी नीट जेवत नाही. तिसऱ्या दिवशी आपल्यातला खरेदी करणारा जागा होतो: सर बदलू, पुस्तकं बदलू, सगळं नव्याने घेऊ. थांबा. परीक्षा आता वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे, सप्टेंबर. मेचा निकाल जुलैच्या सुरुवातीला लागला, तर सप्टेंबर दोन महिन्यांवर असतो. त्या दोन महिन्यांत नवं पुस्तक म्हणजे पुन्हा मटेरियल कॉस्टपासून सुरुवात.

त्याऐवजी गुणपत्रक शांतपणे बघा. सगळे पेपर दिलेले असून एखाद्यात साठ किंवा त्याहून जास्त असतील, तर पुढच्या तीन परीक्षांपर्यंत त्या पेपरातून सूट मिळते. त्याची पुस्तकं उचलून आत ठेवता येतात. जो पेपर अडला, त्याच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत इन्स्टिट्यूटकडे फी भरून मागवता येते. ती आली की शेजारी सुचवलेली उत्तरं ठेवून मुलीला एकटीलाच वाचू द्या. आपण डोकावायचं नाही. कुठे येत असून लिहिलं नाही, कुठे कलम बरोबर पण निष्कर्षच राहिला, कुठे वेळ संपला, हे कुठल्याही विकतच्या पुस्तकात छापलेलं नसतं. पुस्तक बदलायची खरोखर गरज असेल, तर ती तिथे दिसेल आणि मुलगीच सांगेल कुठलं हवं. या प्रतीचा अर्ज ठरलेल्या मुदतीतच करावा लागतो. निकालाच्या त्या दोन दिवसांत तारीख तेवढी आपण लिहून ठेवू.